आगाऊ बिल ऑफ एंट्री भरूनही कंटेनर आठ दिवस का अडकला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक राहायला नको. भोसरीत तुमचं पॅकेजिंगचं युनिट आहे. शांघायहून दोन वीस फुटी कंटेनर मागवले, एकात बीओपीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलिन प्लास्टिकच्या, फिल्मचे रोल आणि दुसऱ्यात पॅकिंग मशीनचे सुटे भाग. सीएचए, म्हणजे तुमचा कस्टम ब्रोकर, म्हणाला, "बिल ऑफ एंट्री आधीच टाकतो, जहाज लागलं की माल बाहेर." त्याने जहाज न्हावा शेव्याला लागायच्या दोन दिवस आधी ते, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, भरलंही. तरी माल हातात यायला आठ दिवस गेले आणि वर सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाचं, भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेंशन, म्हणजे कंटेनर वेळेत परत न केल्याचं शुल्क. म्हणून तुम्ही विचारता: आगाऊ भरण्यात अर्थ काय, किती आधी भरायचं, आणि सीएचए बदलायचा का?

मी न्हावा शेव्यालाच कस्टम ब्रोकर म्हणून काम करतो. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे नेमकं कुठे अडलं हे छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते शोधायचं कसं, हे सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे जहाज यायच्या आधी माल "क्लिअर" होत नाही. आधी होतं ते कागदाचं काम. बिल ऑफ एंट्री सादर करणं, असेसमेंट (ड्युटी ठरवणं), क्वेरी (अधिकाऱ्याचा प्रश्न) आणि तिचं उत्तर, ड्युटी भरणं, एवढं सगळं जहाज समुद्रात असताना उरकता येतं. आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, मात्र माल बंदरात आल्यावरच मिळतो. जहाजाला एंट्री इनवर्ड, म्हणजे माल उतरवायची कस्टमची परवानगी, मिळाल्याशिवाय तो उतरवताच येत नाही, मग सोडायचा कुठून? तुमच्या सीएचएने "जहाज लागलं की माल बाहेर" म्हटलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याला "बाकी सगळं आधी झालेलं असेल तर" ही अट होती. ती त्याने सांगितली नाही, किंवा तुम्ही ऐकली नाही.

आता कायदा. 2021 च्या अर्थसंकल्पात कस्टम्स अॅक्टचं कलम 46 बदललं. तेव्हापासून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरावंच लागतं, सुट्टीचा दिवस असला तरी. श्रीलंका, बांगलादेश अशा जवळच्या देशांतून येणाऱ्या आणि विमानाने येणाऱ्या मालाला त्याच दिवसापर्यंत सवलत आहे. उशीर झाला तर पहिले 3 दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. सगळ्यात लवकर म्हणाल तर अपेक्षित आगमनाच्या 30 दिवस आधीपर्यंत भरता येतं. म्हणजे "आगाऊ" भरणं ही तुमच्या सीएचएने केलेली खास मेहरबानी नव्हती. दोन दिवस आधी भरून त्याने लेट फी वाचवली. त्यापलीकडे काही साधलं का, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते आगाऊ भरण्याचा फायदा एकच, आणि तो मोठा आहे: कस्टमला जो प्रश्न विचारायचा आहे, तो जहाज समुद्रात असताना विचारला जावा. क्वेरी येणारच असेल तर कोलंबोच्या पलीकडे जहाज असताना आलेली क्वेरी फुकट असते. तीच क्वेरी कंटेनर यार्डात उतरल्यावर आली की दिवसाला भाडं लावते. दोन दिवस आधी भरलेल्या बिलाची क्वेरी बहुतेक वेळा जहाज लागल्यावरच येते. फेसलेस असेसमेंट 31 ऑक्टोबर 2020 पासून देशभर लागू आहे. तुमचं बिल न्हावा शेव्याचं असलं तरी असेसमेंट चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी करू शकतो. तो तुमच्या सीएचएच्या ओळखीचा नसतो आणि केबिनमध्ये जाऊन समजावता येत नाही. जे काही सांगायचं ते कस्टमच्या ई-संचित या ऑनलाइन सोयीवर चढवलेल्या कागदांनीच सांगायचं. मधे शनिवार-रविवार आला तर दोन दिवसांची आघाडी गेलीच म्हणून समजा.

अर्थात बरीच बिलं आरएमएस या कस्टमच्या जोखीम तपासणाऱ्या सिस्टीममधून सुटतात. म्हणजे सिस्टीम त्यांना असेसमेंट आणि तपासणी दोन्हीशिवाय पुढे जाऊ देते. ते कशावर ठरतं हे कुणी बाहेर सांगत नाही आणि सांगूही नये. नवा आयातदार, नवा पुरवठादार, वर्णन गुळमुळीत, असं असलं तर माझा अनुभव असा की बिल अधिकाऱ्यासमोर जातं. तुमची ही दुसरीच आयात आहे म्हणता, तर ते गृहीत धरूनच चालायला हवं.

आता तुमच्या मालाकडे येतो, कारण अडण्याची शक्यता मला तिथेच जास्त दिसते. इन्व्हॉइसवर चिनी पुरवठादार काय लिहितो ते मला माहीत आहे: "प्लास्टिक फिल्म रोल". बास. अधिकाऱ्यासमोर हे आलं की त्याच्या डोक्यात लगेच कस्टम टॅरिफची तीन हेडिंग, म्हणजे वर्गीकरणाचे क्रमांक, उभी राहतात. चिकट पाठीची, सेल्फ-अॅडहेसिव्ह फिल्म असेल तर 3919. साधी, फेसाळ नसलेली, दुसऱ्या कुठल्या मटेरियलशी जोडलेली नसलेली असेल तर 3920, आणि त्यातही पॉलिप्रोपिलिनची असेल तर 3920 20. दुसऱ्या मटेरियलशी लॅमिनेट केलेली असेल तर 3921. तुमच्या सीएचएने 3920 लावलं असेल आणि ते बरोबरही असेल. पण कागदावर "प्लास्टिक फिल्म" एवढंच असेल तर अधिकारी विचारणारच: कॅटलॉग द्या, टेक्निकल डेटा शीट द्या, चिकट आहे की नाही ते सांगा. ती शीट तुम्ही चीनला मागणार, तिकडे रात्र असणार, मग ती येणार अर्धी चिनीत.

म्हणून मी माझ्या आयातदारांना ऑर्डर देतानाच सांगतो की इन्व्हॉइसवरचं वर्णन आपण ठरवू, पुरवठादार नाही. "बीओपीपी फिल्म, अमुक मायक्रॉन, अमुक मिलिमीटर रुंदी, न छापलेली, चिकट नसलेली, लॅमिनेट न केलेली." एवढी एक ओळ बरोबर असेल आणि तीच ओळ बिल ऑफ एंट्रीत, डेटा शीटमध्ये आणि पॅकिंग लिस्टमध्ये तशीच असेल, तर निम्म्या क्वेरी जन्मालाच येत नाहीत.

सुट्या भागांची गोष्ट याहून किचकट. पॅकिंग मशीन 8422 मध्ये, त्याचे भाग 8422 90 मध्ये, इतपत सगळ्यांना माहीत असतं. मग सगळंच तिथे टाकायचा मोह होतो. पण मशीनसोबत आलेली बेअरिंग 8482 मध्ये जाते आणि मोटर 8501 मध्ये, ती मशीनसाठीच मागवली असली तरी. "मशिनरी पार्ट्स, 1 सेट" अशी एक ओळ टाकून वीस-पंचवीस वस्तू पाठवल्या असतील, तर अधिकारी आयटमनुसार यादी, किंमत आणि फोटो मागेल आणि त्याचं काही चुकत नाही. शिवाय त्यातल्या एखाद्या वस्तूला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, अट लागते का, हे ऑर्डर देण्याआधी पाहायचं असतं. जहाज निघाल्यावर ते कळून उपयोग नाही, कारण बीआयएसचं लायसन्स परदेशी कारखान्याला घ्यावं लागतं आणि त्याला महिने जातात. आणखी एक बारीकशी गोष्ट: सुटे भाग लाकडी क्रेटमध्ये आले असतील तर त्या लाकडावर कणसाच्या चिन्हाचा आयपीपीसी शिक्का, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण, हवा. क्रेट बांधल्यावर पुरवठादाराकडून शिक्क्याचा फोटो मागून घ्या. फोनवर एक मिनिटाचं काम आहे.

दुसरी अडण्याची जागा आयजीएम, म्हणजे जहाजावरच्या मालाची लाइनने कस्टमला द्यायची यादी (मॅनिफेस्ट). आगाऊ बिल भरताना लाइनने आयजीएम भरलेलं नसतं, म्हणून बिलात आयजीएम नंबर नसतो. तो पुढे बिल ऑफ लेडिंगच्या (बीएल, माल जहाजावर चढवल्याची पावती) नंबरवरून जुळतो. तुम्ही फॉरवर्डर, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था करणारा मध्यस्थ, याच्यामार्फत माल आणला असेल तर तुमच्या हातात त्याने दिलेलं हाऊस बीएल असतं आणि लाइनकडे तिचं स्वतःचं मास्टर बीएल. बिल ऑफ एंट्रीत एक नंबर आणि मॅनिफेस्टमध्ये दुसरा असेल तर सिस्टीमला तुमचा माल सापडतच नाही. कधी मधला एक डॅश, कधी पुढे लावलेली तीन अक्षरं. पॅकेजची संख्याही तशीच: तुमच्या कागदावर 420 रोल आणि मॅनिफेस्टमध्ये 21 पॅलेट, दोन्ही खरे आणि तरी जुळत नाहीत. मग एक तर बिलात दुरुस्ती किंवा आयजीएममध्ये दुरुस्ती. आयजीएमची दुरुस्ती लाइनच्या किंवा फॉरवर्डरच्या हातात असते आणि ती करून घेताना लोकांची सहनशक्ती संपलेली मी पाहिली आहे. यावर उपाय साधा: बिलाचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, सबमिट करण्याआधी फॉरवर्डरला मेल करून त्याने मॅनिफेस्टसाठी दिलेला हाऊस बीएल नंबर, तारीख, पॅकेजची संख्या आणि वजन लेखी मागवायचं.

जहाजाचं नावही तपासा. शांघायहून निघालेला कंटेनर पोर्ट क्लांगला किंवा कोलंबोला दुसऱ्या जहाजावर चढतो. मी तिथलं पुढचं जहाज पक्कं होईपर्यंत बिल भरायला थांबतो. जहाज बदललं की बिलात दुरुस्त्या आणि तारखांचा घोळ.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. 30 दिवस आधी भरता येतं म्हणून 30 दिवस आधी भरू नका. तेव्हा बहुधा पक्कं बीएलही हातात नसतं. तुमच्यासारख्या मालाला, थेट जहाज असेल तर पोचायच्या सात-आठ दिवस आधी, मधे ट्रान्सशिपमेंट असेल तर दुसऱ्या जहाजावर चढल्याबरोबर. उद्देश एवढाच की क्वेरी, उत्तर आणि पुन्हा एक क्वेरी असं दोनदा झालं तरी जहाज समुद्रातच असावं. जुना पुरवठादार, तोच माल, आधीची चार बिलं सुरळीत गेलेली, असं असेल तर तीन दिवसही पुरतात.

पैशांबद्दल दोन गोष्टी, ज्यात घोळ होतो. आगाऊ बिलाला ड्युटीचा दर एंट्री इनवर्डच्या तारखेचा लागतो. म्हणजे तुम्ही 25 जानेवारीला बिल भरलं, बजेटमध्ये दर बदलला आणि जहाज त्यानंतर आलं, तर नवा दर. "आधी भरून जुना दर बांधून घेतला" असं कुणी सांगत असेल तर तसं होत नाही. विनिमय दर मात्र बिल सादर केल्याच्या दिवशी कस्टमचा जो दर लागू असेल तोच धरला जातो. हा दर साधारण महिन्यातून दोनदा जाहीर होतो. रुपया घसरत असताना आधी भरलेलं बिल थोडं स्वस्त पडतं, उलट झालं तर महाग. त्यावर सट्टा खेळण्याइतका फरक छोट्या आयातीत नसतो.

आणि ड्युटी भरल्याशिवाय आऊट ऑफ चार्ज नाही, हे लहान युनिट फार सहज विसरतात. बेसिक ड्युटी, त्यावरचा सोशल वेल्फेअर सरचार्ज, मग मालाची किंमत धरून या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पण भरायचा आधी असतो. बिल आठ दिवस आधी असेस होऊन पडलं आहे आणि "पार्टीकडून पेमेंट यायचंय" म्हणून जहाज लागल्यावर तीन दिवस ड्युटी थकली, असे प्रकार आमच्याकडे रोजचे आहेत. मुदतीत न भरलेल्या ड्युटीवर वर्षाला 15 टक्के व्याज आहेच, पण खरा मार यार्डाच्या भाड्याचा. एप्रिल 2023 पासून इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर आलं आहे. त्यात रक्कम आधी टाकून ठेवली तर ऐन वेळी बँकेचा सर्व्हर हे कारण उरत नाही.

आता जे कस्टमच्या हातातच नाही ते. राष्ट्रीय टाइम रिलीज स्टडीच्या 2023 च्या अहवालात बंदरांवर माल आल्यापासून आऊट ऑफ चार्जपर्यंत सरासरी सुमारे 85 तास लागले, उद्दिष्ट 48 तासांचं. म्हणजे साधारण साडेतीन दिवस. तुमचे आठ दिवस होते, आणि ते कंटेनर गेटबाहेर पडेपर्यंतचे. आऊट ऑफ चार्ज मिळाल्यावर डिलिव्हरी ऑर्डर (माल द्यायची लाइनची किंवा फॉरवर्डरची लेखी परवानगी), सीएफएसचं बिल, ट्रेलर, एवढं उरतं. लाइनचे लोकल चार्जेस आणि फॉरवर्डरचे चार्जेस वेगळे, दोघांची डिलिव्हरी ऑर्डर वेगळी. फॉरवर्डरने आपले पैसे भरले नाहीत म्हणून लाइन माल सोडत नाही आणि तुम्ही कस्टमला शिव्या देत बसता, हे फार वेळा होतं. शिवाय पोर्टवर कंटेनर स्कॅनिंगला निवडला गेला तर तो वेळ वेगळा, आणि आगाऊ बिलाने तो टळत नाही.

तर तुमचे आठ दिवस कुठे गेले हे असं शोधा. आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बिल ऑफ एंट्रीचा नंबर आणि तारीख टाकून स्टेटस काढा. सीएचएकडून या तारखा लेखी घ्या: बिल सादर केलं कधी, क्वेरी आली कधी, उत्तर गेलं कधी, असेसमेंट पूर्ण कधी, ड्युटी भरली कधी, इनवर्ड कधी, तपासणी झाली असेल तर कधी, आऊट ऑफ चार्ज कधी, डिलिव्हरी ऑर्डर कधी, गेट आऊट कधी. या तारखा एका खाली एक लिहिल्या की सगळ्यात मोठं अंतर कुठल्या दोघांत आहे ते लगेच दिसतं. असेसमेंट आणि ड्युटीच्या मधे असेल तर दोष तुमच्या तिजोरीचा. आऊट ऑफ चार्ज आणि गेट आऊटच्या मधे असेल तर फॉरवर्डरशी बोला, कस्टमशी नाही.

आगाऊ बिलाची खरी जोडी लागते ती डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीशी, म्हणजे डीपीडीशी. त्यात कंटेनर सीएफएसला न जाता टर्मिनलवरूनच तुमच्या ट्रेलरवर चढतो. पण आऊट ऑफ चार्ज ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर तो सीएफएसला हलवतात आणि मग दोन्हीकडचा खर्च. त्यामुळे वर्षातून दोन कंटेनर आणि कागद अजून कच्चे असतील तर घाई करू नका. दोन-चार आयाती क्वेरीशिवाय गेल्या की घ्या. एईओचा, म्हणजे कस्टमच्या विश्वासू आयातदाराच्या दर्जाचा, विचार त्याच्याही नंतर. त्यात ड्युटी उशिरा भरायची सोय मिळते, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीला, आणि त्यासाठी हिशेब आणि कागद वर्षानुवर्षं नीट हवेत.

आगाऊ भरून फारसा उपयोग नसतो असे प्रकारही आहेत. माल नेमका काय आहे याची तुम्हालाच खात्री नसेल तर फर्स्ट चेक मागावा लागतो, म्हणजे आधी तपासणी, मग असेसमेंट. माल आल्याशिवाय तपासणार काय? खाद्यपदार्थ आणि बियाण्यांत नमुने माल उतरल्यावरच घेतले जातात. तिथे आगाऊ बिलाने थोडा वेळ वाचतो, फार नाही. हाय सी सेलमध्ये, म्हणजे जहाज समुद्रात असतानाच माल विकला तर, विक्रीचे कागद पक्के होण्याआधी कुणाच्या नावाने भरणार, हाही प्रश्न येतो.

झालेल्या खर्चाचं सांगतो. लाइनला मेल टाकून डिटेंशनमध्ये सूट मागा, पहिल्या आयातींना बऱ्याचदा काहीतरी मिळतं. सीएफएसकडेही मागा. कस्टमने माल अधिकृतपणे अडवून ठेवला असेल तरच भाडेमाफीचं सर्टिफिकेट मागता येतं. साध्या क्वेरीवर ते मिळत नाही, त्यासाठी खेटे घालू नका.

राहिला सीएचए. तो बदलायचा की नाही हे त्या तारखांच्या यादीतल्या एकाच ओळीवर ठरवा: क्वेरी आइसगेटवर आली त्या दिवशी त्याने तुम्हाला ती जशीच्या तशी पाठवली का? त्याच दिवशी पाठवली असेल आणि तुम्ही डेटा शीट द्यायला चार दिवस लावले असतील, तर नवा सीएचएही तेच करेल आणि तुमचा माल ओळखायला पुन्हा शून्यापासून सुरुवात करेल. क्वेरी त्याच्याकडे दोन-तीन दिवस पडून होती आणि तुम्हाला फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच कळत होतं, असं असेल तर पुढचा कंटेनर लोड व्हायच्या आत दुसरा शोधा आणि त्याला पहिल्याच दिवशी तुमच्या फिल्मची डेटा शीट आणि सुट्या भागांची आयटमनुसार यादी द्या.